बाबा घरी आहेत!

आई नोकरीवर, बाबा घरी. आज 'हटके' वाटणारी ही व्यवस्था पुण्यातल्या एका जोडप्यानं काही दशकांपूर्वी हसतखेळत करून दाखवली. डॉ. अनिल अवचट नावाच्या त्या भन्नाट नवऱ्याची, बापाची ही आठवण. आणि त्यांना तसं जगू देणाऱ्या सुनंदाताईंचीही!

एक छोटी क्विझ घेऊ या? समजा, शेजारच्या क्युबिकलमधला तुमचा मित्र सोमवारी सकाळी येऊन म्हणाला, ''बॉस, मी पेपर टाकले. आता घरीच. पोरीला सांभाळणार, स्वयंपाक करणार, बासरी शिकणार, थोडंफार लिहिणार. बायको कमावतेय की!'' यावर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल?

अ) सही रे!
ब) बरा आहेस ना? काही टेन्शन आहे का?
क) खरं सांग, काढलं का तुला?

प्रामाणिकपणे उत्तर द्या. 'अ' म्हणणारेसुद्धा कॉफी मशीनपाशी पोचेपर्यंत 'क'वर आलेले असतात.

मी मूळची नगरची. सरकारी कागदावर २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून 'नगर'च बसलंय. तर आमच्या नगरला लग्नसराईत एक प्रश्न हमखास असतो, ''जावई कुठं असतात?'' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कंपनीचं नाव, हुद्दा आणि जमलं तर पॅकेज. माझ्या आतेबहिणीच्या बाबतीत या प्रश्नाचं खरं उत्तर 'घरी' असं आहे. ताई बँकेत आहे. तिचं प्रमोशन झालं, मुलगी लहान होती आणि सांभाळायला मोठं माणूस कुणी नव्हतं. दाजी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर होते. दोघांनी बसून हिशेब केला आणि नोकरी दाजींनी सोडली. आता दाजींच्या हातची शिपी आमटी आख्ख्या सावेडीत फेमस आहे, ते ढोलकी वाजवतात आणि शाळेच्या गॅदरिंगचे मुखवटेही तेच करून देतात. तरीही आत्या अजून सांगते, ''त्यांचं काहीतरी ऑनलाइन चालू असतं.''

दाजींचं ऑनलाइन काहीही चालू नाही. ते चक्क घर चालवतात! पण हे काम सांगायला आपल्याकडे शब्दच नाही. 'गृहिणी' असते, तसा 'गृहस्थ' असायला हवा होता. पण तो शब्द आपण भलत्याच अर्थानं वापरून टाकलाय.

दाजींबद्दल कुणी नाक मुरडलं, की मला एक दाढीवाला माणूस आठवतो. कॉलेजात असताना नगरच्या जिल्हा वाचनालयातून त्यांचं 'स्वतःविषयी' आणलं होतं आणि एका बैठकीत संपवलं होतं. एक शिकलेला पुरुष, तोही डॉक्टर, 'घर बायकोच्या पगारावर चालतं' हे अजिबात न लाजता सांगतो, हे मी तोवर कधी वाचलंच नव्हतं.

डॉक्टर, पण दवाखाना नसलेला

अनिल अवचट यांचा जन्म १९४४ सालचा, पुणे जिल्ह्यातल्या ओतूरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून ते एमबीबीएस झाले. सुनंदा तिथं त्यांच्याबरोबर शिकत होत्या. दोघं डॉक्टर, प्रेमविवाह, पुण्यात घर... पुढची स्टोरी आपण डोळे मिटून सांगू शकतो. दोघांचा दवाखाना, मग नर्सिंग होम, मग गाडी. पण तसं काही झालं नाही. अवचटांचं मन प्रॅक्टिसमध्ये रमेना. बिहारमधल्या पूर्णिया भागात जाऊन त्यांनी जे पाहिलं, त्यावर १९६९ साली 'पूर्णिया' हे पुस्तक आलं आणि लिहिण्याची वाट सापडली. 'साधना' साप्ताहिकाचा १९७२ चा गाजलेला १५ ऑगस्टचा अंक त्यांनीच संपादित केला होता. राजा ढाले यांच्या त्यातल्या लेखानं महाराष्ट्र ढवळून निघाला. पुढे हमाल, विडी कामगार, विणकर, देवाच्या नावानं सोडलेल्या मुली, दुष्काळात घर सोडून निघालेली माणसं अशा सगळ्यांच्या दारात जाऊन बसायचं, त्यांच्याशी तासन् तास बोलायचं आणि साध्या, बोलल्यासारख्या मराठीत लिहायचं, हेच त्यांचं काम झालं. 'माणसं', 'कोंडमारा', 'धागे आडवे उभे' ही पुस्तकं त्यातूनच आली.

हे काम ग्रेट खरं, पण त्यातून किराणा येत नाही. मी स्वतः फ्रीलान्सर आहे, त्यामुळे हे वाक्य अनुभवातून लिहितेय! लेखाचं मानधन येतं तेव्हा येतं, घरभाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. मग अवचटांचं घर चाललं कसं?

पगार कुणाचा? सुनंदाताईंचा!

डॉ. सुनंदा अवचट (लग्नानंतरचं नाव अनिता) पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करायच्या. मानसोपचारतज्ज्ञ, सरकारी नोकरी, ठरलेला पगार. त्या पगारावर घर उभं होतं. त्यांनी कमवायचं आणि अनिलनं त्याला पटेल ते करायचं, असा दोघांचा सरळ करार होता. स्टँप पेपर नव्हता, पण पक्का होता. आणि पटेल ते करायचं म्हणजे गच्चीवर बसून ढग बघायचे असं नाही. घरात दोन मुली होत्या, मुक्ता आणि यशोदा. आई कामावर जायची, घरी असायचे बाबा. मुली, स्वयंपाक, येणारे-जाणारे आणि त्यातून उरलेल्या वेळात लेखन, असा बाबांचा दिवस.

इथं थोडं थांबू या. आजच्या भाषेत याला 'सपोर्टिव्ह हजबंड' म्हणतील. मला तो शब्द खटकतो. सपोर्ट म्हणजे टेकू. टेकू देणारा वेगळा आणि घर ज्याच्या डोक्यावर आहे तो वेगळा. 'मी बायकोला मदत करतो' असं म्हणणारा नवरा मुळात ते काम बायकोचं आहे, हे मान्य करूनच पुढे जातो. अवचटांच्या लिखाणात ही 'मदत' सापडत नाही. स्वयंपाकाबद्दल ते लिहितात तेव्हा फोडणीतल्या मोहरीकडेही ते चित्र बघावं तसं बघत असतात. त्यात उपकाराचा सूर नाही आणि हुतात्म्याचा आव तर नाहीच नाही.

मुलींना त्यांनी महापालिकेच्या शाळेत घातलं होतं. डॉक्टर आई-बापाच्या मुली, साध्या मराठी शाळेत! ज्या माणसांवर आपण लिहितो त्यांची मुलं जिथं शिकतात, तिथंच आपलीही शिकतील, इतकं साधं लॉजिक. आज नर्सरीच्या ॲडमिशनसाठी रात्री गेटबाहेर रांग लावणाऱ्या आपल्या पिढीला हे पचायला जड आहे. मान्य.

एक माणूस, छंद डझनभर

अवचटांना 'मल्टिटॅलेंटेड' म्हणणं म्हणजे मुंबईच्या लोकलला 'थोडी गर्दी' म्हणण्यासारखं आहे. ते बासरी वाजवायचे. चित्रं काढायचे, त्यातही झाडं आणि मोर तर त्यांचे खास. लाकडाचा ओबडधोबड तुकडा घेऊन त्यात दडलेला चेहरा कोरून बाहेर काढायचे. फोटोग्राफी करायचे, गायचे, कविता करायचे आणि हाताला कागद लागला की ओरिगामी सुरू! खादीचा सदरा, खांद्याला झोळी, भरघोस दाढी आणि समोर बसलेल्या पोराच्या डोळ्यांदेखत चौकोनी कागदातून उडी मारून बाहेर येणारा पक्षी. पुण्यातल्या कितीतरी मुलांच्या आठवणीत ते असेच आहेत.

या सगळ्यावर त्यांनी 'छंदांविषयी' हे आख्खं पुस्तक लिहिलं. त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्यांनी यातल्या कशाचाही क्लास लावायला सांगितलेलं नाही. बघ, करून बघ, चुकलं तर हस, पुन्हा कर, एवढाच फंडा. आपल्याकडे छंद म्हणजे एक तर सीव्हीच्या शेवटच्या ओळीत लिहायची गोष्ट, नाही तर पुढेमागे 'साइड इन्कम'. अवचटांच्या घरी छंद स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दोन पावलांवर होते आणि मुली त्यांच्या आसपास वाढत होत्या. बाप घरी असण्याचा खरा फायदा मला इथं दिसतो. 'क्वालिटी टाइम' नावाची गोष्ट आपण वीकएण्डला शेड्यूल करतो. पण मुलांना वेळापत्रकातला बाप नको असतो. त्यांना इकडेतिकडे करणारा, काहीतरी खुडबुड करत बसलेला आणि हाक मारली की 'ओ' देणारा बाप हवा असतो.

लहान मुलांसाठीही ते छान लिहायचे. त्यांच्या 'सृष्टीत... गोष्टीत' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा २०१० चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्या माणसानं दुष्काळ आणि व्यसनं यांवर लिहिलं, त्याच माणसानं पोरांना गोष्टीही सांगितल्या. घरी राहिलेल्या बापाला दोन्ही भाषा येतात!

गंमत म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकालाही त्याच दशकात एक बाप घरी बसला होता. जॉन लेनन. हो, बीटल्सवाला! १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा मुलगा शॉन जन्मला आणि जगातला हा सुपरस्टार गाणं बाजूला ठेवून न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये मुलाला सांभाळत, घरी पाव भाजत राहिला. धंद्याचे व्यवहार योको ओनो बघायची. जवळजवळ पाच वर्षं हे चाललं. १९८० च्या डिसेंबरमध्ये लेननचा खून झाला. लेननकडे गाण्यांच्या रॉयल्टीचे ढीग होते, त्यामुळे त्याच्या घरी बसण्याला जग 'ब्रेक' म्हणालं. पुण्यातल्या घरात एकच सरकारी पगार होता. तिथं घरी राहायला जास्त हिंमत लागली असणार. ती अनिलरावांना लागली, तेवढीच रोज सकाळी घराबाहेर पडणाऱ्या सुनंदाताईंनाही लागली.

नगरच्या घरातला वेगळा नवरा

मराठीत बायकांनी नवऱ्याच्या आठवणी लिहिण्याची परंपरा मोठी आहे. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आलं. सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० सालचं. आणि या दोन्हींच्या मधे उभं आहे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', ज्यातला बराचसा संसार आमच्या नगरात घडला.

लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे 'फुलामुलांचे कवी'. कीर्तन करणारे, पत्र चालवणारे, शिकवणारे, अफाट बुद्धीचे आणि अफाट लहरी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. बालकवी ठोमरे याच नगरच्या घरात येऊन राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवले. १९१९ साली टिळक गेले. मुलगा देवदत्त याच्या आग्रहानं लक्ष्मीबाई आठवणी लिहू लागल्या आणि १९३४ पासून त्या पुस्तकरूपानं यायला लागल्या.

'स्मृतिचित्रे' वाचताना हसून हसून मुरकुंडी वळते. टिळक दिलदार आहेत, खट्याळ आहेत, मुलांवर जीव टाकणारे आहेत. पण ते घरात कधी असतील याची गॅरंटी नाही! मनात आलं की निघाले, खिशात आलं की वाटून मोकळे, आणि येताना सोबत कुणाला घेऊन येतील सांगता येत नाही. घरात माणसं वाढत जातात, आणि चूल, पैसा, आजारपण, पोरं हे सगळं कुणाच्या डोक्यावर? लक्ष्मीबाईंच्या. त्यांनी हे तक्रार न करता, मिश्किलपणे सांगितलंय, म्हणून ते पुस्तक मोठं आहे. पण ओळीओळीतून एक गोष्ट कळत राहते. नवरा कितीही लाडका, गमत्या आणि गुणी असला, तरी घर उचलून धरणारी बाई वेगळीच होती.

आता अवचटांकडे या. तोच मालमसाला आहे. गुणी माणूस, हसरा, लोकांच्या गराड्यातला, पैशाच्या बाबतीत बेफिकीर. फरक एकच. इथं पैसा बायको आणते आणि घर नवरा बघतो. म्हणजे लक्ष्मीबाईंचं काम निम्मं-निम्मं झालं. माझ्या मते मराठी संसारात एवढा फरक पडायला नगर ते पुणे हे एकशेवीस किलोमीटरचं अंतर आणि पाऊणेक शतक लागलं.

तरी एक रुखरुख राहते. रमाबाईंनी लिहिलं, लक्ष्मीबाईंनी लिहिलं, सुनीताबाईंनी लिहिलं. पण 'माझा घरी राहणारा नवरा' हे पुस्तक सुनंदाताईंच्या हातून आपल्यापर्यंत आलं नाही. कॅन्सरनं त्या १९९७ साली गेल्या. नवरा मागे राहिला आणि तिच्याबद्दल तोच लिहीत, बोलत राहिला. त्यामुळे या घराची गोष्ट आपल्याला कळते ती बहुतेक त्याच्या बाजूनं. अवचट प्रांजळ लेखक होते, श्रेय ते भरभरून द्यायचे, पण तरीही! ड्यूटीवरून दमून आलेल्या बाईला घरात पसरलेले कागद आणि लाकडाचा भुसा बघून काय वाटायचं? महिनाअखेरीला पाकिटात हात घालताना ती काही बोलायची का? स्वयंपाक झालेला असायचा, पण ओटा आवरलेला असायचा का? मला तरी हे तिच्याकडून ऐकायला प्रचंड आवडलं असतं.

घरातलं घर, बाहेरचं घर

१९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राउन शुगरचा विळखा पडायला लागला. अवचटांनी त्या मुलांना भेटून 'गर्द' लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. नुसतं हळहळून थांबण्यापेक्षा त्यांनी पैसे पुढे केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. म्हणजे 'आहे मनोहर तरी'वालं जोडपं आणि हे जोडपं इथं एकत्र आलं. केंद्राचा कणा होत्या सुनंदाताई. तिथं त्यांना 'मॅडम' म्हणायचे. आणि अनिल अवचटांना सगळे 'बाबा' म्हणायचे.

या हाकेतच सगळं आलं असं मला वाटतं. दोन मुलींचा बाबा शेकडो पोरांचा बाबा झाला, आणि तोही घरातलीच हत्यारं घेऊन. कागद, बासरी, गाणी, गप्पा आणि हशा. आयुष्यातून उठलेल्या माणसाला समोर बसवून घडी घालायला शिकवायची, 'ही अशी, आता उलटी' असं म्हणत. ज्याचे हात महिनोन् महिने फक्त पुडीसाठी थरथरले, त्या हातातून काहीतरी छान बाहेर पडतंय, हे त्याला दिसू द्यायचं. हे एमबीबीएसच्या पुस्तकात नसतं. पोरं सांभाळलेल्या माणसाकडे असतं.

मोठी मुलगी मुक्ता पुणतांबेकर आता मुक्तांगणची धुरा सांभाळतेय. धाकटी यशोदा वाकणकर लिहिते आणि अपस्मार म्हणजे फिट्सचा त्रास असलेल्यांसाठी 'संवेदना' हा गट तिनं उभा केला. बाबा घरी राहिल्यानं मुलींचं नुकसान होईल, असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही.

अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ ला पुण्यात, पत्रकारनगरमधल्या राहत्या घरी गेले. वय सत्त्याहत्तर. त्या आठवड्यात पेपरात आणि लोकांच्या फोनवर आठवणींचा पूर आला होता. त्यात पुस्तकांइतकीच वर्णनं होती ती कुणाच्या तरी पाकिटात जपून ठेवलेल्या एका घडी घातलेल्या कागदाची.

आणि आपण?

२०१६ साली 'की ॲण्ड का' आला. अर्जुन कपूर घर सांभाळतो, करिना ऑफिसला जाते. आपण पॉपकॉर्न खात 'कूल!' म्हटलं आणि घरी येऊन चहा कुणी केला, ते तुमचं तुम्हाला माहीत.

आकडे बघायचे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं. लक्षात घ्या, हे ८८ म्हणजे सगळ्या पुरुषांची सरासरी नाही. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांचीच ही कामगिरी! रजेचंही तसंच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं आईला २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस. खासगी कंपनीत मात्र सगळा मामला पॉलिसीवर. कुठं दोन आठवडे, कुठं नुसतं अभिनंदनाचं ईमेल. म्हणजे बाळाच्या पहिल्या महिन्यातच व्यवस्था आपल्याला सांगून टाकते, घर कुणाचं काम आहे ते.

अवचटांचं घर हे काही आदर्श म्हणून भिंतीवर लावायचं पोस्टर नाही. ते लेखनासाठी गावोगाव हिंडायचे, महिनाभर एका जागी बसून राहणारे नव्हते. शिवाय प्रत्येक बायकोला पक्की नोकरी नसते आणि प्रत्येक नवऱ्याला बासरी येत नाही. आणि घर सांभाळणं म्हणजे सतत मजा नाही, हे कुठलीही गृहिणी तुम्हाला दोन मिनिटांत सांगेल. तेच डबे, तीच भांडी, आणि 'दिवसभर काय करतोस?' हा तोच प्रश्न. आमचे दाजीही कधीकधी वैतागतात. गेल्या दिवाळीत मी त्यांना विचारलं, सगळ्यात जास्त काय टोचतं? मला वाटलं, लोकांचे टोमणे म्हणतील. ते म्हणाले, ''टोमण्यांचं काही नाही गं. पण स्वतःसाठी चप्पल घ्यायची तरी तुझ्या ताईला सांगावं लागतं. ती कधी नाही म्हणत नाही. पण सांगावं लागतं.''

मी गप्प झाले. हे वाक्य आपल्या आयांनी किती वर्षं मनात ठेवलं असेल? एका पुरुषाच्या तोंडून ते ऐकल्यावर ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्याच महिन्यात ताईनं दोघांच्या नावावर जॉइंट खातं उघडलं आणि पगारातला ठरावीक हिस्सा दर महिन्याला दाजींच्या वेगळ्या खात्यात जायला लागला. भेट म्हणून नाही, हक्क म्हणून. नगरमध्ये आता एका घरात तरी चपलेसाठी विचारावं लागत नाही.

सुनंदा आणि अनिल अवचटांच्या घराकडून आपण शिकायचं ते इतकंच. घरी कोण राहणार हे परंपरेनं ठरवायचं नाही, दोघांनी बोलून ठरवायचं. जो कमावतो त्यानं मालक व्हायचं नाही, आणि जो घरी राहतो त्यानं बिचारा. शिवाय घरात हशा हवा. पगार कमी असेल तर जास्तच हवा.

चौकट : बाबा घरी राहणार? आधी हे बोलून घ्या!

* हिशेब कागदावर मांडा. एका पगारात भाडं, हप्ता, विमा, शाळा बसते का? सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का? प्रेमात गणित कच्चं चालतं, संसारात नाही.
* घरी राहणाऱ्याचं स्वतःचं खातं हवंच. त्यात दर महिन्याला न मागता पैसे यायला हवेत. दोघांच्याही नावानं आरोग्य विमा घ्या.
* 'मदत' हा शब्द बाद करा. ज्याचं काम त्याची जबाबदारी. भाजी संपली हे त्यालाच आधी कळायला हवं.
* कमावणारीची दुसरी शिफ्ट बंद करा. ऑफिसहून येऊन तिनं पुन्हा ओटा पुसायचा असेल, तर काही बदललेलंच नाही.
* एक छंद रोज. घरी राहणाऱ्याला स्वतःचा तासभर हवा. बासरी, ढोलकी, लाकूड, कागद, काहीही. पोरं बघून बघून शिकतात.
* परतीचा दरवाजा उघडा ठेवा. दर वर्षी एकदा बसून विचारा, अजून हेच हवंय ना? उत्तर 'नाही' आलं तर भांडू नका, बदला.
* नातेवाइकांना खरं सांगा. 'ऑनलाइन काहीतरी' नको. ''जावई घर बघतात,'' असं म्हणा आणि पुढच्याला आमटी वाढा!